भूमीखालचे पाणी कोणाचे?

संत्र्यास दोन बहर येतात, हे काटोलकडील वाचकांस सांगावयास नको. मृगाचा बहर पावसाच्या भरवशावर घ्यावयाचा. आंबिया बहरास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. ज्याची विहीर उथळ, तो मृगावर आपले भागवी. परंतु सांप्रत ऋतुमान पालटले आहे. दूरदूरच्या देशांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ कोळसा व खनिज तेल जाळले, त्याची ही झळ. ताणावर ठेवलेले झाड जूनभर आभाळाकडे पाहत राहते, आणि पाऊस आला तर एकदमच कोसळतो. म्हणून ज्यास शक्य तो आंबियाकडे वळतो व त्यासाठी बोअर शेकडो फूट खाली नेतो. काटोल, नरखेड, वरुड ह्या पट्ट्यात भूजलाचा उपसा बेसुमार झाला आहे. बोअर खोल जातो तशी शेजाऱ्याची विहीर आटते आणि बायांच्या डोक्यावरील घागर लांबून येऊ लागते.

ह्यात पाप कोणाचे? बागवान म्हणेल, “भूमी माझी, तिच्याखालचे पाणी माझे.” कायदाही त्याच्याच बाजूस होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या हद्दीत जमिनीखाली मिळेल ते पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकास दिला. ज्यास जमीनच नाही, त्याचा त्यात उल्लेखही नाही. परंतु पाणी बांध ओळखत नाही. पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजविल्या, तेव्हा बुजविणारे हात दिसत होते. येथे विहीर कोरडी पडते आणि कोणाचाच हात दिसत नाही. १९२७ साली महाडास चवदार तळ्याच्या पाण्यापासून लोकांस शिवाशिवीने अडविले होते. आज शिवाशिवीवाचूनही, केवळ खोलीने, अडविता येते. आणि बहुधा त्याच घरांस!

तरी बागवानास दुष्ट म्हणणे मला साधत नाही. झाड फळावर येण्यास चारपाच वर्षे जातात. डोक्यावर कर्ज असते. ते वाळताना त्याने पाहत बसावे काय? शिवाय बाग वाळली तर संत्री तोडणाऱ्या मजुराचा रोजही गेला. मजुराचे पोट त्याच बोअरवर आहे, जो त्याच्या घरची विहीर आटवितो. हा गुंता केवळ उपदेशाने सुटणार नाही.

सरकारची मदतही बहुधा जमीन पाहून येते. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याची योजना काढली. ज्यास पंपच नाही, त्याच्या वाट्यास काय आले? २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरहून खोल विहिरींस आळा घालण्याचे योजिले; परंतु बोअरचे यंत्र रात्री गावात येते तेव्हा कायदा झोपलेला असतो.

दुसरी रीतही महाराष्ट्रात होऊन गेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला: दरडोई अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनासही हक्क मिळाला. ऊस वर्ज्य केला. ज्याच्यापाशी पाणी मागण्यास भूमी नाही, त्याच्याही नावाने पाणी मोजले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

नायगावी ऊस वर्ज्य करता आला. काटोलास संत्रा वर्ज्य करणे शक्य नाही, व करूही नये. मग लावलेली झाडे जगवावी, नवी बाग मात्र गावाला विचारल्यावाचून लावू नये. पिण्याची विहीर आधी, बाग मागून. आणि ग्रामसभेत पाण्याचा हिशेब होईल तेव्हा सातबारा नसलेल्यासही मत असावे, असे मला वाटते. किती बागवान हे मानतील? पहिल्या वर्षी फार थोडे. ज्याचा बोअर यंदा आटला, तो कदाचित प्रथम येईल.