मोजणाऱ्याची मोजणी

ज्ञान खरे की खोटे हे ज्ञानानेच ठरवायचे असेल, तर ठरवणाऱ्या ज्ञानाला खरे कशाच्या बळावर मानायचे, हा भारतीय दर्शनांतील प्रामाण्यवादाचा मूळ प्रश्न आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यातील बिघडलेला प्रकाशमापक, म्हणजे दृश्यावरील उजेड मोजून छिद्र व शटरचा वेग सुचवणारा भाग, तोच प्रश्न उभा करतो. कारण त्याची पारख दुसऱ्या मापकाने केली, तर त्या दुसऱ्याच्या पारखीसाठी तिसरा लागतो. प्रमाणांवर, म्हणजे ज्ञानाच्या साधनांवर, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने घेतलेला आक्षेप हाच असून, या न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणतात.

मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि त्याचे अप्रामाण्य दोन वाटांनी कळते: विरोधी ज्ञानाने झालेला बाध, किंवा ते उपजवणाऱ्या कारणातला दोष. मापकाची तपासणीही याच वाटांनी जाते. निरभ्र दुपारी उन्हातल्या वस्तूला 100 आयएसओच्या फिल्मवर एफ 16 छिद्र आणि सुमारे 1/125 सेकंद पुरतात, असा छायाचित्रकारांचा रूढ नियम आहे. झाशीच्या 1613 मधील किल्ल्याच्या ग्रेनाइटच्या भिंतीवर तशा उन्हात काटा याच्या दुप्पट उजेड दाखवू लागला, की बाध झाला. मग कारणदोष शोधायचा. कॅडमियम सल्फाइडच्या सेलचा विद्युतरोध उजेडात घटतो व असा मापक बॅटरीवर चालतो; 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीऐवजी 1.5 व्होल्टची बसवली, तर अनेक कॅमेऱ्यांत काटा फाजील उजेड सांगतो. सेलेनियमचा सेल उजेडातून स्वतःच वीज निर्माण करतो, पण वयोमानाने क्षीण होऊ शकतो. चुन्याने रंगवलेली भिंत छायाचित्रात राखाडी उतरली, तर मात्र दोष मापकाचा नव्हे. मापक प्रत्येक दृश्य मध्यम छटेचे धरूनच मोजतो, आणि चूक त्यावरून काढलेल्या अनुमानात असते.

न्याय दर्शनाच्या न्यायसूत्रांनी अनवस्थेच्या आक्षेपाला तराजूच्या दाखल्याने उत्तर दिले: सोने तोलताना तराजू प्रमाण असतो, आणि ज्ञात वजनाने त्याचीच परीक्षा होते तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जाणण्याचा विषय, बनतो. साखळी इथे तुटते, कारण परीक्षा शंका असेल तिथेच लागते. एक मापक चुकला म्हणून सर्वच मोजमाप संशयास्पद, असे म्हणणाऱ्याने ती चूक ओळखताना ऊन, नियम आणि बॅटरी तपासणारा व्होल्टमीटर यांवर आधीच विश्वास टाकलेला असतो. म्हणून सापडलेला दोष ज्ञानाच्या अशक्यतेचा पुरावा ठरत नाही, उलट काही ज्ञान टिकले म्हणूनच तो सापडू शकला.