जिंकणाऱ्यानें कोठें थांबावें?

वर्ध्याच्या उन्हाळ्यांत दिवस मावळतीस लागल्याखेरीज मैदानावर पोरें दिसावयाचीं नाहींत. परवां अशाच एका संध्याकाळीं फिरावयास गेलों असतां हुतूतूचा डाव पाहत उभा राहिलों. एका बाजूस थोराड मुलें, दुसऱ्या बाजूस चिमुरडीं. गुणांचा हिशेब ठेवण्यांत कांहीं स्वारस्य उरलें नव्हतें. अखेर थोरांपैकीं एकानें चढाईस आलेल्या लहानग्याचा पाय हातीं सांपडला असतांही सोडून दिला. पोराच्या तें ध्यानांत आलें. “मी काय कच्चा लिंबू आहे?” असें ओरडून तो तडक घरीं चालता झाला.

त्याच्या रागांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. धाकट्या भावंडास कच्चा लिंबू म्हणून खेळांत घेतात, तेव्हां तो करार सर्वांस ठाऊक असतो. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. परंतु बरोबरीचा म्हणून उतरवून मग चोरून दया दाखविणें ही फसवणूक होय. यावरून कोणी म्हणेल कीं, बलवानानें दुबळ्याशींही शेवटपर्यंत सर्व शक्तीनिशीं खेळावें, त्यांतच त्याचा मान राहतो. मलाही कित्येक वर्षें असेंच वाटे. पण कल्याणची एक गोष्ट आड येते.

जानेवारी २०१६ मध्यें भंडारी चषकाच्या शालेय क्रिकेट सामन्यांत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानें नाबाद १००९ धावा केल्या. जगानें कौतुक केलें, तें योग्यच झालें. रिक्षा चालविणाऱ्या बापाच्या या मुलाकडे कोणी बोट दाखवावें असें मला वाटत नाहीं. समोरून चेंडू आला, त्यानें तो मारला. पण चेंडू टाकणारे कोण? आर्य गुरुकुल शाळेचीं मोठीं मुलें परीक्षेमुळें आलीं नव्हतीं. बहुतेक लहानांवरच भार पडला होता. त्यांचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला, आणि दिवसअखेर के. सी. गांधी शाळेच्या १ बाद ९५६ धावा झाल्या होत्या. प्रणव ६५२ वर खेळत होता. दुसऱ्या दिवशीं तींच मुलें पुन्हां क्षेत्ररक्षणास उभीं राहिलीं. ३ बाद १४६५ वर डाव सोडण्यांत आला, आर्य गुरुकुलानें ५२ धावा केल्या, आणि सामना एक डाव व १३८२ धावांनीं संपला.

येथें कोणी कोणास सूट दिली नाहीं; म्हणजे हुतूतूंतल्या त्या पोराच्या न्यायानें सर्व यथास्थित झालें. तरी मनास तें पटत नाहीं. धाव ही एकट्या फलंदाजाची मिळकत नव्हे. कोणाचा तरी विरोध मोडून ती मिळवावयाची असते. विरोध सरल्यावरही आंकडा वाढत राहतो, मात्र तो कशाचें माप आहे हें सांगतां येत नाहीं.

शिवाय हुतूतूंत सारा संघ बाद झाला कीं त्याच्यावर लोण चढतो. जिंकणाऱ्यास दोन गुण जादा मिळतात, पण त्याच क्षणीं हरणारे सगळेच्या सगळे जिवंत होऊन उभे राहतात! अमेरिकेंत मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्यें चार फेऱ्यांनंतर दहा धावांची आघाडी असली कीं सामना तेथेंच थांबतो. क्रिकेटांत मात्र हरणाऱ्याची सुटका जिंकणाऱ्याच्या हातीं. आपला डाव आपण होऊन सोडावा, ही मुभा नियमांत १८८९ सालीं आली. तिच्यांत चोरून सोडलेल्या पायाचा लाजिरवाणेपणा नाहीं, कारण ती सर्वांदेखत घ्यावयाची असते.

डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला अवघ्या ९ धावा कमी. काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारलें. तो रडीचा डाव होता असें आमच्या पिढीनें एकमुखानें ठरविलें, आणि आजही मी त्या निकालापासून फारसा ढळलों नाहीं. मात्र त्या संघाचे नायक राजकोटचे ठाकोरसाहेब होते. संस्थानिकास मैदान सोडून जातां आलें. शाळेच्या पोरास तें जमत नाहीं. गुरुजी सांगतील तोंवर त्यानें उभें राहावयाचें.

कल्याणच्या त्या दोन दिवसांच्या मधली रात्र मला वारंवार आठवते. ९२५ धावांची आघाडी, आणि निर्णय करावयास उभी रात्र हातीं. मी स्वतः मास्तर आहें. माझ्या शाळेचा मुलगा ६५२ वर नाबाद असता, तर सकाळीं मी डाव सोडावयास लावला असता काय? उत्तर मला अजून देतां आलेलें नाहीं.