साथीदाराच्या वाट्याचे भय

विनोद आणि भय यांना एकाच कथेत नांदवायचे, तर ती दोन निरनिराळ्या माणसांच्या स्वाधीन करावी लागतात, हा या कथाप्रकाराचा अलिखित कायदा आहे. म्हणजे ज्या विक्षिप्त साहसी व्यक्तीच्या मागे आपण अंधाऱ्या तळघरात उतरतो तिला भीतीचा मुळी गंधही नसावा, आणि मागोमाग कंदील सावरीत येणाऱ्या साथीदाराने मात्र तिच्याही वाट्याचे भय निमूटपणे भोगावे. आपल्याला हसू येते ते भुताचे नव्हे, या विषम वाटणीचे. चिं. वि. जोशी यांनी गुंड्याभाऊंचे प्रताप भिडस्त चिमणरावांच्या मुखाने वदवले, त्यांत भुतेखेते नसली तरी योजना हीच.

साहस करणारी स्त्री असली, की या वाटणीला आणखी धार येते, कारण अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या भयकादंबऱ्यांनी नायिकेला मूर्च्छित होण्याचा जणू वतनहक्कच बहाल केला होता. ते वतन खालसा करण्याचे पहिले मोठे श्रेय जेन ऑस्टिन यांना द्यावे लागेल: १८१७ च्या अखेरीस, लेखिकेच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त वादळी रात्री धडधडत्या अंतःकरणाने नायिका कॅथरीन जो गूढ दस्तऐवज हस्तगत करते, तो सकाळी पाहता निघतो धोब्याच्या हिशेबाचा.

पण या जातीची खरी मूळस्त्री कल्पित नाही. १८९५ साली काळा व्हिक्टोरियन पोशाख जराही न बदलता गाबोनच्या अरण्यात हिंडणाऱ्या मेरी किंग्जली यांनी ‘ट्रॅव्हल्स इन वेस्ट आफ्रिका’ या १८९७ च्या ग्रंथात, फांग लोकांच्या एका गावी रात्री झोपडीत दुर्गंधी सुटली म्हणून वर टांगलेली पिशवी काढून पाहिल्याचे लिहिले आहे. आत मानवी हात, पायांचे अंगठे, डोळे आणि कान. आणि बाईंनी, त्यांतले मोलाचे काही हरवू नये म्हणून, तो सारा ऐवज स्वतःच्या टोपीत ओतून नीट पाहिला! दुसऱ्या प्रसंगी श्वापदांसाठी खणलेल्या खड्ड्यात, तीक्ष्ण खुंट्यांवर पडूनही त्या वाचल्या, तेव्हा आभार मानले ते जाड घागऱ्याचे. सातपदरी शोकांतिका रचणाऱ्यांनी या एका घागऱ्यापासून धडा घ्यावा, असे मला फार वाटते.

मात्र येथेच माझी तक्रार सुरू होते. त्यांना त्या खड्ड्यातून बाहेर ओढणारी माणसे बरोबर होती. परंतु प्रवासातल्या इतर सोबत्यांपैकी करड्या सदऱ्यावरून एकाला ‘ग्रे शर्ट’, बंडीवरून दुसऱ्याला ‘सिंगलेट’, तर अबोलपणावरून तिसऱ्याला ‘सायलेन्स’ अशी नावे देऊन बाईंनी त्यांना ग्रंथात दाखल केले, आणि भयाचा सारा कारभार, निवेदनासह, स्वतःकडेच ठेवला. आफ्रिकी रूढींकडे मिशनऱ्यांपेक्षा पुष्कळ सहानुभूतीने पाहणाऱ्या या विदुषीलाही सोबत्यांच्या हाती लेखणी देणे सुचले नाही, हा त्या साम्राज्यकाळाचाच परिणाम होय. परिणामी विनोद अव्वल दर्जाचा, पण भय एकतर्फी. कारण परक्या मुलखातून आलेल्या, कोणाचेच न ऐकणाऱ्या या मडमेला जिवंत परत नेण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर होती, त्याच्या काळजाचा थरकाप आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

विक्षिप्त साहसी स्त्रीची हास्यभयकथा मराठीत लिहू इच्छिणाऱ्याने बाईंना खुशाल हवे तेवढे निर्भय करावे; निवेदन मात्र कंदीलवाल्याकडे सोपवावे.