सुधारणेचा हव्यास

हातीं असलेल्या वस्तूवर समाधान मानावें कीं तिच्यांत सुधारणा करीत राहावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत मीं पुष्कळदां चर्चिला आहे. परंतु तो माझ्याच घराच्या गच्चीवर एका खेळण्याच्या रूपानें उभा राहील असें मला वाटलें नव्हतें.

हें खेळणें म्हणजे बिनतारी यंत्रानें दुरून चालविण्याची मोटार. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें 'ग्रासहॉपर' या नांवानें ती १९८४ सालीं प्रथम काढली व २००५ सालीं पुन्हां बाजारांत आणली. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची ही मोटार सुटे भाग जुळवून आपणच बांधावयाची असते. नांव टोळाचें आणि गुणही टोळाचाच! मागचा आंस, दांतेरी चक्रांची पेटी व विजेचें यंत्र हीं एकत्र बांधलेलीं असून तें सबंध ओझें दोन स्प्रिंगांच्या आधारानें खालींवर होतें. खड्डा आला कीं स्प्रिंग दबते आणि दबतांना घेतलेली बहुतेक सारी शक्ति परत करते; मग गाडी एकदां उडते, दोनदां उडते, आणि वळणावर असली तर उलथते.

माझ्या मुलाला हें खपेना. वय सव्वीस, नोकरी कायमची, आणि रविवारची सकाळ या गाडीपुढें मांडी घालून! त्यानें मागच्या स्प्रिंगांच्या जोडीला तेलाचे डँपर बसविले. डँपरची युक्ति मोठी मनोरम आहे. नळींत तेल असतें व त्यांतून बारीक छिद्रें असलेला दट्ट्या सरकतो. तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते आणि धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें विरून जाते. हळू दाबाल तर तेल मुकाट्यानें वाट देतें; आदळाल तर विरोध करतें. (असा स्वभाव प्राध्यापकांच्या सभेंत मला क्वचितच आढळला आहे.)

"झालें ना आतां?" मीं विचारलें. पण झालें नव्हतें. तेल पातळ वाटलें म्हणून दाट घातलें, तर दबलेलें चाक वेळेवर खालीं येईना, अधांतरींच राही. नळी बंद करण्यापूर्वीं तेलांतले बुडबुडे निघून जाण्याची वाट पाहत तो स्वस्थ बसून राही. मागची बाजू स्थिर होते न होते तों पुढच्या बाजूचा दोष दिसूं लागला.

तेव्हां मला उपदेशाची हुक्की आली. तृष्णेला अंत नाहीं, असें मी म्हणालों. 'मिलिंदपञ्हां'तील नागसेनाचीही साक्ष काढली. चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, असें त्या भिक्षूनें राजाला विचारलें होतें; मग एकेक भाग बदलल्यावर ही गाडी तरी तीच राहील काय?

"तें मला ठाऊक नाहीं, बाबा," तो म्हणाला. "पण आतांपर्यंत ती नुसती माझ्या मालकीची होती. आतां कुठें ती मला कळूं लागली आहे."

मी खोलींत येऊन बसलों. समोर माझ्या टिपणांची वही होती. वीस वर्षांत तिचीं पानें पिवळीं पडलीं आहेत. मजकूर तोच आहे. माझें समाधान विचारान्तीं आलेलें होतें कीं विचाराआधींच मी थकलों होतों? सुधारणेच्या नांवाखालीं निळ्या झिलईचे महागडे भाग आणून लावणारेही असतात, हें मला ठाऊक आहे, तो हव्यासच. पण कोणता दोष काढावयाचा हें ज्याला समजलें आहे, त्याला थांबावें कोठें हेंही समजण्याचा संभव असतो.

तीन वर्षांपूर्वीं हाच मुलगा परदेशीं जाऊन पुढें शिकूं म्हणत होता. "मिळालेली नोकरी काय वाईट आहे?" असें मी म्हणालों, आणि तो राहिला. मीं त्याला समाधान शिकविलें असें तेव्हां मला वाटलें होतें. खरें म्हणजे घर रिकामें व्हावयाला मला नको होतें.

गेल्या रविवारीं तो पुढची बाजू उघडून बसला होता. मी शेजारीं जाऊन बसलों आणि त्या जुन्या अर्जाचा विषय आपण होऊन काढला. त्यानें मान वर केली नाहीं. यंदाची मुदत डिसेंबरअखेर आहे, एवढेंच म्हणाला. म्हणजे त्यानें ती पाहून ठेवलेली होती.