नाताळच्या भेटी व घरची ओढाताण

ऋण काढून सण करू नये, हे आमच्या लोकांस कोणी शिकवावे लागत नाही. लहान पोरासही ते ठाऊक असते. तरी डिसेंबर उजाडला म्हणजे पुष्कळ घरांत हा शहाणपणा गुंडाळून ठेवण्यात येतो, आणि तो ठेवणारी माणसे उधळी असतात असे मुळीच नाही. वर्षभर पैपैचा हिशेब राखणारी गृहिणी याच महिन्यात हात सैल सोडते. पुण्यामुंबईहून दीर व जाऊ येणार, नणंद मुलाबाळांसह येणार, त्यांच्या हाती भरलेल्या पिशव्या असणार, मग त्यांस रिकाम्या हाताने निरोप कसा द्यावा, ह्या विवंचनेने तिला झोप लागत नाही. ही विवंचना समजून घेतल्यावाचून तिला काटकसरीचा उपदेश करणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

असा उपदेश आपल्या प्रांतात पूर्वीही पुष्कळ झाला आहे. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. 12 मे रोजी सुपे येथे त्या दंग्यास तोंड लागले. कुणबी लग्नकार्यांत पैसा उडवितो म्हणून बुडतो, असे त्या काळी सर्रास बोलले जात असे. परंतु चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने असा अभिप्राय दिला की, ह्या कारणास फाजील महत्त्व देण्यात आले आहे. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने भारी खरा, तथापि तो क्वचित येतो. कर्ज फुगते ते बी-बियाणे, बैल, सारा व पोटापाण्याचे जिन्नस ह्यांसाठी वारंवार काढलेल्या लहानसहान रकमांनी. हा अभिप्राय वाचून गरिबाच्या सणास नावे ठेवणाऱ्याने थोडे लाजावे. परंतु त्यात आम्हांस सावध करणारीही एक गोष्ट आहे. नाताळ लग्नासारखा क्वचित येत नाही, तो दरसाल येतो. गेल्या वर्षी हप्त्यांनी घेतलेल्या वस्तूचे पैसे दिवाळीपर्यंत फिटतात न फिटतात तोच पुढील नाताळ दाराशी उभा राहतो.

हल्लीचा सावकार ओटीवर येऊन बसत नाही, तो मोबाइलमध्ये राहतो. कार्डावर थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागणे ही आज नवलाची गोष्ट नाही. म्हणजे 12,000 रुपयांवर पहिल्याच महिन्यास 420 रुपये. अशा थकबाकीवर सालीना 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली अनुचित ठरविले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, रद्द केला. दुकानाच्या पाटीवरील ‘बिनव्याजी हप्ते’ ह्या शब्दांनीही कोणी भुलू नये. शून्य व्याज असा प्रकारच नसतो, ते व्याज दुसऱ्या कोठल्या तरी रूपाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांस बजाविले आहे.

इतके झाले पैशाचे. खरा प्रश्न त्याहून खोल आहे. जी भेट परत करावीच लागते ती भेट म्हणावी काय?

मार्सेल मोस नामक फ्रेंच पंडिताने 1925 साली भेटींविषयी एक मोठा निबंध लिहिला. देणे, घेणे व परत करणे ही तिन्ही बंधनेच होत, असा त्याचा आशय. आमच्या खेड्यांतील माणसास हे समजण्यासाठी फ्रान्सपर्यंत जावयास नको. लग्नमंडपात आहेराची वही घेऊन बसणारा गृहस्थ त्याने पाहिलेला असतो. कोणी किती दिले ते लिहावयाचे व त्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे तितकेच फेडावयाचे. ह्या वहीस हसण्याचे कारण नाही. कार्य निघालेल्या घरास त्या दिवशी पैशाची निकड असते, गाव थोडी थोडी मदत करतो, व पुढे ती ज्याची त्यास बिनव्याजी पोचते. आमच्या मते नाताळच्या रंगीत कागदापेक्षा ही वही अधिक प्रामाणिक होती. मात्र देणारे व घेणारे बहुधा एकाच ऐपतीचे, म्हणून ती चालत असे. एक भाऊ शहरात पगारदार व दुसरा कोरडवाहू चार एकरांवर, असे झाले की तीच वही धाकट्यास फास होते. थोरला प्रेमाने पाच हजारांचे खेळणे पुतण्यास आणतो. त्याच्या मनात वही नसतेही. धाकट्याच्या मनात ती असते.

येथे न्यूयॉर्क शहरातील एक हकीकत लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील दुकानांतून व कचेऱ्यांतून काम करणाऱ्या मुलींस नाताळात वर्गणी काढून वरिष्ठांस भेटी द्याव्या लागत. पगार तुटपुंजा, पण नाही म्हणण्याची सोय नाही. 1912 साली निरुपयोगी भेटी बंद करण्यासाठी तेथे एक संस्था निघाली, व थिओडोर रूझवेल्ट हे माजी राष्ट्राध्यक्षही तिचे सभासद झाले. संस्था काढण्यात पुढाकार घेणाऱ्या अ‍ॅन मॉर्गन ह्या बाई प्रसिद्ध धनाढ्य पेढीवाल्याच्या कन्या होत्या. त्या मुलींपैकी एखादीने एकटीने ‘मी देणार नाही’ असे म्हटले असते, तर तिला कृपण म्हटले असते. तेच धनिक घरच्या बाईने म्हटल्यावर त्याची चळवळ झाली. हे योग्य झाले असे नव्हे, पण जगाची रीत अशी आहे, आणि आमच्या घरांतही ती निराळी नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भेटी आवरण्याचे कर्तव्य ज्याच्यापाशी अधिक आहे त्याचे आहे, ज्याच्यापाशी थोडे आहे त्याचे नव्हे. गरिबाने आधी तोंड उघडले तर ती सबब ठरते. सधनाने उघडले तर सर्वांस मोकळीक मिळते. शास्त्रातही हाच क्रम दिसतो. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी नियमशास्त्राने कोकरू सांगितले, व जिला ते परवडत नसेल तिने दोन पक्षी आणावे अशी सवलत त्याच नियमात ठेविली. गरीब स्त्रीने याजकापुढे पदर पसरून सूट मागावी असे ठेविले नाही. येशूला मंदिरात नेले तेव्हा त्याच्या आईबापांनी पक्ष्यांचेच अर्पण केले, ह्यावरून त्या घरची स्थिती कळते. तसेच मागी लोकांनी बाळापुढे सोने, ऊद व गंधरस ठेविले, पण त्या घरातून त्यांस परतभेट मिळाल्याचे शुभवर्तमानात कोठे लिहिलेले नाही, व तिची वाट पाहत ते थांबलेही नाहीत.

कोणी म्हणेल, मग गरिबाने द्यावयाचेच नाही काय? असे आम्ही म्हणत नाही. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूने अडविले नाही. देण्याचा मान काढून घेणे हा कर्जात लोटण्याइतकाच अपमान आहे. गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी, घरची ज्वारी, आजीने शिवलेली गोधडी ही सर्वांदेखत आनंदाने घ्यावी. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवून शहरी डब्याचे कौतुक करीत बसू नये. देणाऱ्याचा जीव केवढा होतो व केवढा जातो, हे तेवढ्यावर अवलंबून असते. शिवाय बाजारच्या वस्तूतही फार कस नसतो. जोएल वॉल्डफोगेल ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली विद्यार्थ्यांस विचारून असा अंदाज केला की, नाताळच्या भेटींच्या किमतीपैकी दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा वायाच जातो. घेणाऱ्यास ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटत नाही. दूरच्या चुलत्या-आत्यांच्या भेटींत ही तूट अधिक आढळली, जिवलगांच्या भेटींत कमी. भावनेचे मोल त्याने हिशेबाबाहेर ठेविले होते, हे सांगितलेच पाहिजे.

मुलांचा प्रश्न मात्र कठीण आहे. मोठी माणसे समजूत घालून घेतात. पण चुलत भावाच्या हातात चालणारी मोटार व आपल्या हातात पेन्सिलींची पेटी पाहून सात वर्षांच्या मुलाचा चेहरा उतरतो, त्यास कोणते तत्त्वज्ञान पुरणार? आईबाप कर्ज काढतात ते बहुधा ह्याच चेहऱ्यासाठी, आणि त्यांस दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. एवढेच सुचवितो की, एकाच अंगणात खेळणाऱ्या मुलांस सारख्याच वस्तू मिळतील अशी व्यवस्था काका-मामांनी आधी बोलून करावी. महागडे खेळणे द्यावयाचेच असेल तर ते आपल्या घरी, आपल्या मुलास, निराळ्या दिवशी द्यावे.

मोठ्यांपुरता चिठ्ठ्यांचा उपाय उत्तम आहे. घरात आठ प्रौढ माणसे असून प्रत्येकाने प्रत्येकास भेट द्यावयाची म्हटली तर 56 भेटी होतात. नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकासच द्यावयाची ठरविली तर आठ. किमतीची मर्यादा सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाकडे पाहून ठरवावी. आठवड्यास थोडे थोडे बाजूस टाकणे हाही जुना मार्ग आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल गावच्या एका बँकेने 1909 साली खास नाताळसाठी अशी खाती काढली. मात्र पैसे कोणाच्या हाती देतो ते पाहावे. इंग्लंडात फेअरपॅक नावाच्या कंपनीकडे एक लाखाहून अधिक लोकांनी नाताळसाठी वर्षभर पैसे भरले, आणि 2006 च्या ऑक्टोबरात ती बुडाली. त्यांत गरीब घरच्या आयाच पुष्कळ होत्या. ओळखीच्या भिशीपेक्षा स्वतःच्या नावाचे खाते बरे.

आता थोरल्या भावाने बोलावे कसे? फार बोलण्याची गरजच नाही. ‘यंदा आम्ही मोठ्यांसाठी काही आणणार नाही, तुम्हीही काही करू नका, मुलांचे काय ते मिळून ठरवू, वहिनीला म्हणावे, चटणी मात्र जास्त कर,’ एवढे पुरे. मात्र हा फोन नोव्हेंबरातच झाला पाहिजे. डिसेंबरच्या वीस तारखेस केलेल्या फोनाचा उपयोग नाही; तोवर धाकट्याने हप्त्याच्या कागदावर सही केलेली असते.