यज्ञशेषाचा अधिकारी कोण?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी यज्ञाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची इच्छा न धरता, कर्तव्य म्हणून, मन स्थिर करून केलेला यज्ञ सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून अथवा लोकांत मिरविण्यासाठी केलेला राजस. आणि ज्यात विधी नाही, अन्नदान नाही, मंत्र नाही, दक्षिणा नाही व श्रद्धाही नाही, तो तामस होय. या शेवटच्या गणनेत दक्षिणेचा उल्लेख आला आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. यज्ञ यजमानाच्या नावाने होतो. परंतु पहाटे उठून अग्नी प्रज्वलित करणारे, समिधा रचणारे आणि मंत्र म्हणता म्हणता ज्यांचा कंठ सुकतो, ते ऋत्विज निराळे असतात. त्यांना तृप्त केल्यावाचून यज्ञ पुरा होत नाही. दक्षिणा ही यजमानाची कृपा नव्हे; ते त्याच्या माथ्यावरील ऋण होय.

आजचा गृहस्थ सोमयाग करीत नाही. तथापि अनेकांनी मिळून अनेकांच्या कल्याणासाठी वर्षाच्या अखेरीस केलेला उत्सव हाही यज्ञाच्याच जातीचा आहे. माध्यमिक शाळेचा वार्षिकोत्सव, ज्यास मराठी मुलखात स्नेहसंमेलन म्हणतात, तो असाच एक यज्ञ होय. त्याचा यजमान कोण, ऋत्विज कोण, आणि यज्ञशेषाचा अधिकारी कोण, याचा विचार पालकांनी व संस्थाचालकांनी करणे अवश्य आहे.

छत्तीसगडची राजधानी जे रायपूर, तेथून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे सिलतरा लागते. धानाच्या शेतांमधील या गावाभोवती आज स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने उभे आहेत. भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात व माणसे पाळीपाळीने कामावर जातात. अशा ठिकाणची एखादी माध्यमिक शाळा मनापुढे आणावी. डिसेंबर महिना आहे. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडले आहेत, मंडळाच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत, आणि अशातच उत्सव ठरला आहे. शाळा सुटल्यावर एक शिक्षिका दिवस मावळेपर्यंत मुलींचे नृत्य बसविते. गणिताचे शिक्षक वर्गणीच्या पावत्या फाडीत हिंडतात. शिपाई खुर्च्या वाहतो. रात्री घरी पोहोचल्यावरही पालकांचे दूरध्वनी थांबत नाहीत. आपल्याच मुलाला पुढच्या रांगेत उभे करा, हा प्रत्येकाचा आग्रह.

उत्सवाच्या रात्री प्रमुख पाहुणे उशिरा येतात. हारतुरे होतात, देणगीदारांची नावे वाचली जातात. ज्या हातांनी तो सोहळा उभारला त्यांचे नाव आभारातून राहून जाते. मंडप रिकामा झाल्यावर उष्ट्या पत्रावळी गोळा करीत शिपाई आणि झाडलोट करणारी बाई तेवढी मागे उरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा नेहमीच्याच वेळी होते. कोणाचा घसा बसलेला असतो, कोणाच्या घरचे आजारपण मागे पडलेले असते. आणि कोणी मनाने शाळा केव्हाच सोडून गेलेला असतो, देहाने मात्र तेथे उभा राहतो. हा शेवटचा तोटा सर्वांत मोठा, कारण त्याच्या वर्गातील मुलांच्या वाट्याला मग नुसता उभा देहच येतो.

अशा वेळी एखाद्या शिक्षकाने दोन दिवसांची विश्रांती मागितली, तर पुष्कळदा एक ठरलेले उत्तर मिळते: “गुरुजी, आपण तर निष्काम सेवेचे व्रत घेतलेले. आपण का मोजमाप करावे?” हे वाक्य ऐकावयास गोड आहे, पण त्यात गीतेचा विपर्यास आहे. फलाची आसक्ती सोड, हा उपदेश भगवंतांनी अर्जुनाला, म्हणजे कर्म करणाऱ्याला, केला. पांडव निष्काम आहेत, तेव्हा त्यांचा वाटा खुशाल ठेवून घे, असे ते दुर्योधनाला म्हणाले नाहीत. उलट पांडवांच्या हक्कासाठी ते स्वतः हस्तिनापुरास शिष्टाईला गेले. निदान पाच गावे तरी मिळावीत, इथपर्यंत गोष्ट आली होती. स्वतःचे फळ सोडणे हा योग आहे. दुसऱ्याचे फळ त्याला सोडावयास लावून आपण भोगणे हा योग नव्हे. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना परत न देता जो एकटा भोगतो त्याला स्पष्ट शब्दांत चोर म्हटले आहे.

हा भेद महाराष्ट्राने आपल्या शाळांतूनच पाहिला आहे. १८८० साली पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारी नोकरीत अधिक पगार मिळाला असता. तो सोडून त्यांनी अल्प वेतन पत्करले. ते वेतन कोणी त्यांच्यावर लादले नव्हते, त्यांनी ते आपण होऊन घेतले होते. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरचे काम करून मिळकत करावी की नाही यावर मतभेद झाले. आपला कडक नियम सहकाऱ्यांना पटत नाही असे दिसल्यावर टिळक १८९० मध्ये स्वतः संस्थेतून बाहेर पडले. पुढे याच पुरुषाने मंडालेच्या कारावासात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला. सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि १९२६ मध्ये रायपुरासच देह ठेवला. कर्मयोगाचा तो ग्रंथ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय असे एका मराठी अनुवादकाकडे जाते. त्या भूमीत तरी निष्कामतेचा अर्थ उलटा लावला जाऊ नये.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची कथा आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटाने पार पडला, तेव्हा अर्धे अंग सोन्याचे झालेले एक मुंगूस तेथे आले आणि म्हणाले, हा यज्ञ त्या दरिद्री ब्राह्मणाच्या सातूच्या पिठाएवढाही नाही. शेतात पडलेले दाणे वेचून जगणाऱ्या त्या कुटुंबात चौघांपुरते पीठ होते. अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीची भूक भागली नाही. तेव्हा पत्नीने, मग मुलाने, मग सुनेने आपापला वाटा पुढे केला. या कथेतील एक बारकावा ध्यानात धरण्याजोगा आहे. ब्राह्मणाने त्यांपैकी कोणाचाही वाटा मागितला नाही. प्रत्येकाच्या वेळी तो संकोचला. बायको भुकेने कृश झाली आहे, सून अजून लहान आहे, म्हणून तो नको म्हणत होता. त्यांनीच आग्रह करून दिला. घरातल्या वडीलधाऱ्याचा हा संकोच हाच त्या यज्ञाचा प्राण आहे. ज्या शाळेत शिक्षक आपण होऊन रात्री थांबतो आणि मुख्याध्यापकाला त्याचा संकोच वाटतो, तेथे उत्सव सोन्याचा होतो. जेथे थांबणे गृहीत धरले जाते, तेथे मुंगूस लोळून कोरडेच परतेल.

सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती या सर्वांत माप सांगितले आहे. ज्याला माप नाही त्याला योग नाही. सिलतऱ्याच्या कारखानदाराला हे सांगावे लागत नाही. स्पंज आयर्नची फिरती भट्टीसुद्धा काही महिन्यांनी थंड करून आतील अस्तर दुरुस्त करावे लागते. भट्टीवर मी दया केली, असे तो म्हणत नाही. मग मुलांना घडविणाऱ्या माणसाच्या विश्रांतीलाच सवलत का म्हणावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरविले, आणि शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरताना त्यात पाठाची तयारीही मोजली. वर्गाबाहेरचे कष्ट हेही कष्टच, एवढे तर कायद्यालाही मान्य आहे.

यावरून शिक्षकांनी कामच टाळावे असा अर्थ कोणी काढू नये. शरीराला त्रास होईल या भयाने कर्तव्य सोडणे हा राजस त्याग आहे व त्याचे फळ मिळत नाही, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. मुलांचा उत्सव हे शिक्षकाचे कर्तव्य खरेच. परंतु कर्तव्य त्याचे व तृप्ती दुसऱ्याची, अशी वाटणी यज्ञात नसते.

मग गृहस्थाने काय करावे? राजसूय यज्ञात कामे वाटली गेली तेव्हा कृपाचार्यांकडे रत्ने व दक्षिणा, विदुराकडे खर्च, दुर्योधनाकडे नजराणे स्वीकारणे आले. श्रीकृष्णांनी अभ्यागतांचे पाय धुण्याचे काम घेतले. त्यांनी उष्ट्या पत्रावळीही काढल्या, असे आपल्याकडील कीर्तनकार सांगत आले आहेत. पालकांनी व संस्थाचालकांनी हेच काम मागून घ्यावे. उत्सव परीक्षांच्या गर्दीत न ठेवता सोयीच्या दिवशी ठेवावा. मांडव, खुर्च्या, पंगत हे पालकांनी सांभाळावे. रात्री शिक्षकाला दूरध्वनी करू नये. उत्सवानंतरचा दिवस विश्रांतीचा असावा. आणि एक पंगत अशी व्हावी की जीत शिक्षक, शिपाई, झाडलोट करणारी बाई व मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या बाया एका रांगेत बसतील आणि पालक वाढतील. याच महिन्यात १८ डिसेंबरला छत्तीसगडात गुरु घासीदासांची जयंती असते. मनुष्यमात्र समान, ही त्यांची शिकवण त्या पंगतीत डोळ्यांना दिसेल.

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा हा सण असतो. नवे धान कोठीत पडलेले असते. मुले दारोदार हिंडून धान मागतात आणि त्यांना रिकाम्या हाती परत पाठवीत नाहीत. पीक घरात आले की आधी त्यातील वाटा बाहेर जातो, हा त्या सणाचा अर्थ. शाळेचे पीक म्हणजे मुले. ते पीक प्रत्येक गृहस्थाच्या घरी येते. परंतु ज्यांनी ते राखले ते दारात येऊन मागत नाहीत. म्हणून त्यांचा वाटा आपण होऊन त्यांच्या दारी नेला पाहिजे. असा वाटा देऊन जे उरते, तोच यज्ञशेष. आणि तो सेवन करणारा पापातून मुक्त होतो, असे भगवंतांचे आश्वासन आहे. या वर्षीच्या उत्सवात ही बुद्धी सर्वांना व्हावी, हीच श्रीकृष्णचरणी प्रार्थना.