परवाना नसलेल्यांचे उत्तरदायित्व



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१२ साली एक कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाचा समलैंगिक कल बदलण्याचा तथाकथित उपचार, म्हणजेच ‘कन्व्हर्जन थेरपी’, परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना व समुपदेशकांना त्याने निषिद्ध ठरविला. पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली हा उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. अशा उपचाराने कल बदलतो यास आधार नाही. नैराश्य व आत्महत्येचे विचार मात्र बळावतात, हे वैद्यकीय संस्थांचे म्हणणे आहे.

हे आपल्या धर्माच्या आड येते काय, असे काही पालक विचारतील. कॅलिफोर्नियाचा कायदा परवानाधारकांसाठी केला गेला. आईबापांचे संस्कार वा मशिदीतील उपदेश तो रोखत नाही. शरीअतने कृत्यांना घातलेली मर्यादा श्रद्धावंतासाठी आहे तशीच आहे. परंतु मनात उठणारी भावना आणि हातून घडणारे कृत्य यांचा हिशेब आपला धर्म एकाच मापाने करीत नाही.

खरी कसोटी कायदा जेथे संपतो तेथे सुरू होते. डॉक्टरने नकार दिला की भयभीत पालकांची पावले एखाद्या आमिलाच्या दाराकडे वळू शकतात. जिन्न उतरविण्याच्या नावाखाली मुलाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु त्याआधी तो अल्लाहपुढील गुन्हा आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. भिंतीवर परवाना टांगलेला नसला, म्हणून उत्तरदायित्व टळत नाही. हे मी माझ्यासारख्या इमामांनाही उद्देशून लिहीत आहे.

म्हणून, आपल्या मुलाने थरथरत्या आवाजात मन मोकळे केले, तर प्रथम ऐका. त्याची बदनामी करू नका, त्याला घराबाहेर काढू नका, ‘लग्न लावले की सुधारेल’ म्हणून दुसऱ्याच्या लेकीचे आयुष्य पणाला लावू नका. तो खचला असेल, तर जाणत्या डॉक्टरकडे न्या. नमाज व दुआ त्याच्या सोबत करा. त्या त्याच्यावर शिक्षा म्हणून लादू नका.

संतती ही अमानत आहे. ती सुखरूप राखण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.